बहिणीचा मुलगा आणि सरदाराचा हात

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये २३:१२-३५, लेवीय ५:१ व १९:१६, अनुवाद १९:१५-२१



किरनापुर परिसरातील एका घरगुती उपासनेनंतर चहापान चालले असता एका मातेने आम्हांला बाजूस बोलावून एक प्रश्न विचारला. तिच्या घराजवळ सायंकाळी शाळकरी मुलांना गांजाच्या पुड्या विकल्या जात. विकणारा कोण, हे तिला ठाऊक होते. ती म्हणाली, "भाऊ, सांगू तर कोणाले सांगू? थान्यात सांगतलं, तर रात होण्याच्या आत बाजारात माहीत होते. नाही सांगतलं, तर माहा पोरगा त्याच शाळेत जाते."

आमच्याजवळ त्या वेळी धड उत्तर नव्हते. "आपण प्रार्थना करू," एवढेच आम्ही बोललो. घरी परतताना मात्र तेच उत्तर आम्हांला टोचू लागले. त्या टोचणीतून हा अभ्यास झाला आहे. (या हकिकतीतील काही खुणा आम्ही मुद्दाम बदलल्या आहेत. त्याचे कारण पुढे येईल.)

१. हे भय खोटे नाही

पापाविषयी बोलताना आपण भित्र्या माणसास लवकर दोष देतो. तसे करण्यापूर्वी आपल्या भागाचा इतिहास आठवावा. किरनापुर ही बालाघाट जिल्ह्यातील तहसील, गोंदियाच्या हद्दीलगतची. याच तहसिलीतील सोनपुरी गावी १५ डिसेंबर १९९९ रोजी मध्य प्रदेशाचे तत्कालीन परिवहन मंत्री लिखीराम कावरे यांचा नक्षलवाद्यांनी त्यांच्या घरी खून केला. मंत्र्याची ही गत, तर कोपऱ्यातल्या झोपडीत राहणाऱ्या माणसाने काय समजावे? त्या काळात बालाघाट, गोंदिया व गडचिरोली या पट्ट्यात कित्येक गावकऱ्यांना 'पोलिसांचा मुखबीर' ठरवून ठार मारण्यात आले. नाव कोणी घेतले, खरे की खोटे, हे विचारण्यास कोणी उरले नाही.

ते दिवस मागे सरले तरी तो शब्द मागे उरला. आज कोणी हातभट्टीविषयी बोलला, शेजारच्या घरातील मारहाणीविषयी बोलला, अल्पवयीन मुलीच्या लग्नाविषयी बोलला, की लोक त्यास मुखबीर म्हणतात. आपल्या भाषेत चहाडी आहे, चुगली आहे, फितुरी आहे, कान फुंकणे आहे. परंतु शेजाऱ्याच्या रक्षणासाठी शांतपणे योग्य ठिकाणी सांगणे, याला एक सुबक शब्द सहज सापडत नाही. जेथे शब्दच नाही तेथे माणसे ती गोष्ट करण्यास कचरतात, यात नवल ते काय?

म्हणून त्या मातेला "विश्वास धरा, भिऊ नका" एवढे सांगून आपली सुटका होत नाही. तिला विश्वास नाही असे नाही. तिने सांगितलेले जपून ठेवील असा कान तिला मिळालेला नाही.

२. एका वचनात दोन आज्ञा

लेवीय १९:१६ हे वचन उघडून पाहावे. त्याच्या पूर्वार्धात आपल्या लोकांत चहाड्या करीत हिंडण्यास मनाई आहे. उत्तरार्धातील मूळ इब्री शब्दांत शेजाऱ्याच्या रक्तापाशी उभे राहण्याची कल्पना आहे. शेजारी नदीत बुडत असता किंवा त्याच्यावर दरोडेखोर चालून येत असता स्वस्थ उभे राहून पाहू नये, असा यहूदी शास्त्र्यांनी त्याचा अर्थ लावला. पाहा, जिभेला लगाम आणि मौनाला मनाई या दोन्ही आज्ञा एकाच वचनात शेजारी शेजारी बसल्या आहेत! लेवीय ५:१ तर याहून स्पष्ट आहे. जो साक्षी असून, विचारले असता, पाहिलेले सांगत नाही तो आपल्या दोषाचा भार वाहील, असा त्याचा आशय आहे.

मग चहाडी व साक्ष यांतील भेद कसा ओळखावा? आम्हांला तीन कसोट्या दिसतात. कोणाला सांगतो? कशासाठी सांगतो? किती सांगतो?

दवेग अदोमी याने शौल राजास जे सांगितले (१ शमुवेल २२) ते घडलेलेच होते. अहीमलेखाने दावीदास भाकर व तलवार दिली होती. परंतु तो ते एका रागावलेल्या राजाला, त्याची मर्जी मिळविण्यासाठी सांगत होता. परिणामी नोब येथील पंच्याऐंशी याजक मारले गेले. यावरून दिसते की खरी गोष्टही चुकीच्या कानी, चुकीच्या हेतूने गेली तर ती तलवार होते.

उलट, नाबोथाविरुद्ध जे दोघे साक्षीदार उभे राहिले (१ राजे २१) ते लपले नव्हते. ते भर सभेत, तोंड दाखवून, सर्वांदेखत बोलले, आणि धडधडीत खोटे बोलले. तेव्हा नाव उघड असणे म्हणजे सत्य, व नाव झाकलेले असणे म्हणजे असत्य, असा हिशेब पवित्र शास्त्र मांडत नाही.

३. पौलाचा भाचा

आता मुख्य पाठाकडे वळू. यरुशलेमात चाळीसांहून अधिक माणसांनी शपथ घेतली की पौलाला मारल्यावाचून अन्नपाण्यास शिवावयाचे नाही. त्यांनी मुख्य याजक व वडील यांना कटात घेतले. म्हणजे ज्यांच्याकडे तक्रार न्यावी तेच सामील! अशा वेळी पौलाच्या बहिणीच्या मुलाच्या कानी ही गोष्ट आली. तो गढीत गेला, त्याने पौलाला सांगितले, आणि पौलाने शताधिपतीकरवी त्याला सरदाराकडे पाठविले.

यापुढील वर्णन हळूहळू वाचावे. सरदाराने त्या तरुणाचा हात धरला, त्याला एका बाजूस नेले, आणि एकांतात विचारले. सर्व ऐकून घेतल्यावर, हे तू मला कळविले असे कोणापाशी बोलू नको, अशी ताकीद देऊन त्याला निरोप दिला. मग दोनशे शिपाई, सत्तर स्वार व दोनशे भालाईत घेऊन रात्रीच्या तिसऱ्या ताशी, म्हणजे सुमारे नऊ वाजता, पौलाला कैसरीयाकडे रवाना केले.

या पाठातून आम्हांला चार गोष्टी दिसतात.

पहिली : त्या तरुणाचे नाव आपल्याला आजही माहीत नाही. लूकाने सरदाराचे नाव क्लौद्य लुसिया असे नोंदले आहे, सुभेदाराचे नाव फेलिक्स म्हणून दिले आहे. पण भाच्याचे नाव नाही. लूकाचा हेतू काय होता हे आम्ही ठरवीत नाही. परंतु ज्याच्या एका निरोपाने प्रेषिताचा प्राण वाचला, तो मंडळीच्या इतिहासात निनावी राहिला, आणि त्यामुळे त्याचे काम उणे ठरले नाही.

दुसरी : सरदाराने दुसऱ्याला गप्प राहावयास सांगितले, आणि तो स्वतःही गप्प राहिला. त्याने फेलिक्सला लिहिलेले पत्र (२६ ते ३० ही वचने) पाहा. कटाची बातमी आपल्याला लागली एवढेच त्यात आहे. कोणी दिली याचा उल्लेख नाही. वरिष्ठास लिहितानाही त्याने त्या मुलाचे नाव कागदावर येऊ दिले नाही. हा परराष्ट्रीय रोमी अंमलदार या बाबतीत आपल्यांपैकी पुष्कळांचा गुरू शोभेल.

तिसरी : सरदाराने एका मुलाच्या शब्दावर त्या चाळीस जणांना फासावर दिले नाही. त्याने ज्याचा जीव धोक्यात होता त्याला हलविले. गुप्त माहितीने रक्षण ताबडतोब झाले. शिक्षा झाली नाही. मर्दखयाने राजाविरुद्धच्या कटाची बातमी दिली तेव्हाही (एस्तेर २:२१-२३) आधी चौकशी झाली, गोष्ट खरी ठरली, आणि मग शिक्षा झाली.

चौथी, आणि आमच्या मते मुख्य : धैर्य भाच्याचे होते, पण त्या धैर्याला जागा सरदाराने दिली. त्याने हात धरला नसता, भर चौकात विचारले असते, तर पुढच्या वेळी यरुशलेमातील कोणत्याही मुलाने तोंड उघडले नसते.

४. आजच्या काळातील काही दाखले

सरदाराने एकट्याने जे केले ते नगराने मिळून करावे, असा प्रयत्न अमेरिकेतील अल्बुकर्क शहरात १९७६ साली सुरू झाला. तेथे एका पेट्रोल पंपावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याचा खून झाला होता व काही केल्या धागा सापडत नव्हता. ग्रेग मॅकॲलीझ नावाच्या तपास अधिकाऱ्याने तो प्रसंग दूरचित्रवाणीवर पुन्हा उभा करून दाखविला, आणि सांगणाऱ्याने नाव सांगण्याची गरज नाही असे जाहीर केले. कोणा एकाने दूरध्वनी केला, आणि थोड्याच दिवसांत गुन्हेगार सापडले. त्यातून 'क्राइम स्टॉपर्स' ही योजना निघून पुढे अनेक देशांत पसरली. तिची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. नागरिकांचे मंडळ पैसा व बक्षिसे पाहते, वर्तमानपत्रे व दूरचित्रवाणी प्रसिद्धी देतात, पोलीस तपास करतात. सांगणाऱ्यास नावाऐवजी एक क्रमांक मिळतो.

आपल्या महाराष्ट्रातील दाखला निराळ्या रीतीचा आहे. भिवंडी शहर १९७० व १९८४ मध्ये दंगलींनी होरपळले. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही समाजांची सामान्य माणसे व त्या वस्तीचा पोलीस शिपाई एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली. तेथे नाव लपविण्याची गरज कमी पडली, कारण शिपाई ओळखीचा झाला होता. यावरून शिकावे ते असे की जेथे विश्वास आहे तेथे माणूस तोंड दाखवून बोलतो. जेथे विश्वास अजून यावयाचा आहे तेथे नाव झाकण्याची सोय हवी.

आणि जेथे ती सोय मागूनही मिळत नाही? सत्येंद्र दुबे हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील तरुण अभियंता. कामातील भ्रष्टाचाराविषयी त्यांनी २००२ साली पंतप्रधानांच्या कार्यालयास पत्र लिहिले व आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. ते पत्र नावासकट टेबलांमागून टेबले फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांचा खून झाला. हा खून लुटारूंनी केला असे पुढे न्यायालयात ठरले. परंतु ज्याने नाव झाका म्हणून विनविले त्याचे नाव झाकले गेले नाही, ही गोष्ट देशाच्या जिव्हारी लागली. २००४ साली केंद्र सरकारने ठराव करून अशा तक्रारी नाव गुप्त ठेवून घेण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपविले.

कायदाही या बाबतीत मुका नाही. गुन्ह्याची बातमी कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातील ही तरतूद (कलम १२५) आता भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३१ मध्ये आहे. मात्र सक्ती न करणे वेगळे, आणि बेसावध तोंडाला कुलूप घालणे वेगळे. ते कुलूप माणसाने स्वतःच घालावयाचे असते.

५. निनावी पत्र नव्हे!

येथे काही वाचक मनातल्या मनात हसले असतील. मंडळ्यांच्या निवडणुकांच्या दिवसांत येणारी निनावी पत्रे कोणाला ठाऊक नाहीत? पाळकांविरुद्ध, पंचांविरुद्ध, कधी एखाद्या गरीब शिक्षिकेविरुद्ध. अशा पत्रांचे आम्ही समर्थन करतो काय? मुळीच नाही.

भेद असा आहे. निनावी पत्र लिहिणारा आपले नाव सर्वांपासून लपवितो आणि आरोप सर्वांकडे पाठवितो. गुप्तपणे माहिती देणारा आपले नाव लपवितो, आणि आरोपही एकाच ठिकाणी, चौकशी करू शकणाऱ्याच्या हाती ठेवतो. पहिल्याला निकाल हवा असतो, दुसऱ्याला तपास.

अनुवाद १९ मध्ये एका साक्षीदाराच्या शब्दावर कोणास दोषी ठरवू नये, न्यायाधीशांनी बारकाईने चौकशी करावी, आणि साक्ष खोटी निघाल्यास त्या साक्षीदाराने जे दुसऱ्यावर आणू पाहिले ते त्याच्यावरच यावे, असा नियम आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली असेच ठरविले की केवळ एका निनावी दूरध्वनीवरून रस्त्यावरील माणसाची झडती घेणे पोलिसांना शोभत नाही. त्याला दुसरा काही आधार हवा. निनावी खबर ही तपासाचे दार ठोठावते. आत काय आहे ते पाहिल्यावाचून कोणास चोर म्हणू नये.

आणि एक कबुली द्यावयास हवी. खबर गुप्त राहू शकते, पण खटला उभा राहिला तर कोणीतरी न्यायालयात उभे राहून बोलावेच लागते. त्या माणसासाठी सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी महेंद्र चावला यांच्या खटल्यात साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली. गंभीर गुन्ह्यांतील साक्षीदाराला धोका असल्यास संरक्षणासाठी जिल्हा पातळीवर अर्ज करता येतो. ही गोष्ट आपल्या पाळकांना व पंचांना माहीत असावी.

६. आमची चूक

इतके पोलिसांविषयी बोललो. आता स्वतःविषयी.

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या ठिकाणी सेवा करीत असता, एका भगिनीने आपल्या घरात होणारी मारहाण आम्हांला विश्वासाने सांगितली. बुधवारच्या प्रार्थनासभेत आम्ही तिचे नाव घेतले नाही. "त्या वस्तीत नुकतेच बाळ झालेल्या आपल्या एका बहिणीसाठी प्रार्थना करू या," असे म्हणालो. (ही खूणही येथे बदलली आहे.) त्या वस्तीत त्या महिन्यात बाळ एकाच घरी झाले होते. रविवारपर्यंत तिच्या सासरी सर्व कळले. ती उपासनेस येईनाशी झाली, आणि आम्ही भेटावयास गेलो तेव्हा दार उघडले गेले नाही.

आम्ही चहाडी केली नव्हती. आम्ही प्रार्थना केली होती! पण तिच्या पाठीवरील वळांना त्या दोहोंतील फरक कळला असेल काय? त्या सरदाराने सुभेदाराला लिहितानाही नाव टाळले, आणि आम्ही देवाशी बोलताना खूण सांगून मोकळे झालो.

७. मंडळीने काय करावे

मंडळी ही पोलीस चौकी नव्हे, आणि आपल्यापैकी कोणी तपास अधिकारी नव्हे. तरी पुढील गोष्टी प्रत्येक मंडळीला करता येतील.

(१) ऐकून घेण्यासाठी दोन माणसे नेमावी. त्यांपैकी एक स्त्री असावी. त्यांचे वय, पद वा शिक्षण यापेक्षा तोंड मिटलेले आहे की नाही, हे पाहावे.

(२) सांगणाऱ्याला तीनच गोष्टी विचाराव्या : काय पाहिले, कोठे, केव्हा. ऐकीव व तर्क बाजूस ठेवावे. कोणी पाळत ठेवू नये, कोणी स्वतः जाऊन जाब विचारू नये.

(३) मुलांच्या बाबतीत मत्तय १८:१५-१७ चा आधार घेऊन "आपसांत मिटवू" असे कधीही म्हणू नये. तो नियम भावाभावांतील अपराधाचा आहे. लेकराच्या अंगावर हात टाकणाऱ्याला झाकण्यासाठी तो दिलेला नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे व न देणे हा गुन्हा आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्यास तोच कायदा संरक्षण देतो, आणि द्वेषाने खोटी तक्रार करणाऱ्यास शिक्षाही सांगतो.

(४) हे क्रमांक उपासनागृहाच्या दारावर लावावे : मुलांसाठी १०९८, कोणत्याही तातडीच्या प्रसंगी ११२, आणि मादक पदार्थांच्या विक्रीविषयी १९३३. हा शेवटचा क्रमांक केंद्र सरकारने २०२४ साली सुरू केला असून तेथे नाव न सांगता माहिती देता येते.

(५) पाळक, महिला मंडळाच्या भगिनी, सरपंच व कोटवार यांनी मिळून एकदा ठाणेदारांची भेट घ्यावी. तक्रार घेऊन नव्हे, प्रश्न घेऊन जावे : आमच्यापैकी कोणी काही कळविले तर त्याचे नाव कोठे लिहिले जाते? ते कोण वाचते? माहिती देणाऱ्याच्या दारी वर्दीतला शिपाई चौकशीला येतो काय? हे प्रश्न आदराने, पण विचारावेच. हद्दीपलीकडच्या मंडळ्यांनी आपल्या पोलीस पाटलांनाही सोबत घ्यावे.

(६) प्रार्थनासभेत खुणा सांगू नयेत. देवाला पत्ता लागत नाही.

त्या मातेचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. महिला मंडळातील एका ज्येष्ठ भगिनीसह आम्ही तिच्याजवळ बसलो. तिने पाहिलेले तेवढेच चार ओळींत उतरविले, आणि ते जेथे पोहोचावयाचे तेथे तिच्या नावावाचून पोहोचविले. तो कागद मग चुलीत टाकला. त्यानंतर काय घडले ते आम्ही येथे लिहीत नाही. लिहिले, तर ही हकिकत कोणत्या गल्लीची आहे हे जाणत्यास लगेच कळेल. एक हात आम्ही उशिरा का होईना धरला आहे; तो वाचकांच्या कुतूहलासाठी सोडणार नाही.

अभ्यासगटासाठी प्रश्न

१. पौलाच्या भाच्याने गप्प राहण्यासाठी कोणती कारणे दिली असती? त्यांपैकी कोणती आपण स्वतः देतो?

२. दवेगाने खरे सांगितले आणि नाबोथाचे साक्षीदार खोटे बोलले. लेवीय १९:१६ च्या प्रकाशात दोघांचा दोष कोणता?

३. आपल्या मंडळीत एखादी गुप्त गोष्ट सांगावयाची झाल्यास आपण कोणाकडे जाल? असे कोणी आठवत नसल्यास ते का?

४. आपल्या मागील प्रार्थनासभेत कोणाची खूण नकळत उघड झाली काय? (या प्रश्नाचे उत्तर मोठ्याने देऊ नये.)

प्रार्थना : हे प्रभो, जे भयाने गप्प आहेत त्यांना दोष देण्याची घाई आम्हांला होऊ देऊ नकोस. जे आमच्याजवळ बोलतील त्यांचा हात धरून त्यांना एका बाजूस नेण्याची बुद्धी दे, आणि ऐकलेले जपण्याचे बळ दे. आमेन.